कुंडीतलं फळझाड परवडतं का?

नुसता पैशांचा हिशेब मांडलात तर पहिली दोन वर्षं तोटाच. ड्रम, माती, खत आधी, फळं मागाहून. तरी ठाणे-नवी मुंबईत गच्ची किंवा सहा तास ऊन येणारी बाल्कनी असेल तर कागदी लिंबू जरूर लावा, ते रोज लागतं. ऊन कमी असेल तर नादच सोडा, नुसती पानं वाढतील. रोप गुटीचं, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं, घ्या. बियांचं फळायला बरीच वर्षं घेतं.

दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापा. तळाला सात-आठ भोकं हवीतच, आणि ड्रम विटांवर ठेवा. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मूठभर निंबोळी पेंड. भरलेला ड्रम शंभर किलोंच्या पुढे जातो, म्हणून तो खाली स्लॅबची बीम (तुळई) असेल तिथेच ठेवा आणि सोसायटीला आधी विचारा.

झाडं मरतात ती बहुधा पावसाळ्यात. भोकं बुजतात, पाणी साचतं, मुळं कुजतात. पानं पिवळी पडली की लोक आणखी खत घालतात. आधी काडीने भोकं मोकळी करा. पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं आणि डिवचल्यावर त्यातून नारिंगी शिंगं बाहेर आली, तर ती फुलपाखराची अळी. हातानेच वेचा, औषध नको.