ठाण्यातल्या वाचनालयाच्या विंडोज संगणकावर पेन ड्राइव्हवरून एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) चालवतो. परवानगी विचारणारी खिडकी आली की तो गप्प का होतो?

पेन ड्राइव्हवरच्या पोर्टेबल प्रतीला ती खिडकी वाचण्याचा अधिकारच नसतो, एनव्हीडीए संगणकावर इन्स्टॉल करावा लागेल. स्क्रीन रीडर पडद्यावरचं चित्र बघत नाही. बटणाचं नाव, प्रकार, स्थिती तो विंडोजच्या ‘यूआय ऑटोमेशन’सारख्या व्यवस्थेकडून विचारून घेतो. परवानगीची खिडकी मात्र विंडोज वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते, आणि नेहमीच्या प्रोग्रॅमना तिथे शिरकाव नसतो. इन्स्टॉल केलेल्या एनव्हीडीएची स्वतंत्र प्रत तिथे सुरू होते. अॅडमिन म्हणून चालणारे प्रोग्रॅमही पोर्टेबल प्रतीला वाचता येत नाहीत, कारण तेवढा अधिकार तिच्याकडे नसतो.

इन्स्टॉल करायला एनव्हीडीए+एन (एनव्हीडीए की म्हणजे सहसा इन्सर्ट) दाबा, टूल्समध्ये ‘इन्स्टॉल एनव्हीडीए’ निवडा. अॅडमिन पासवर्ड लागेल; तो ग्रंथपालांकडून टाकून घ्या. अंध वाचकासाठी ही मागणी अगदी रास्त आहे, संकोच नको. नंतर त्या खिडकीत मराठी आवाज लागला नाही, तर सेटिंग्जच्या ‘जनरल’ विभागातून तुमची सेटिंग्ज सुरक्षित पडद्यांसाठी लागू करा.

पासवर्ड मिळेपर्यंत विंडोज+कंट्रोल+एंटर दाबून नॅरेटर हा स्क्रीन रीडर सुरू करा. तो विंडोजचाच भाग असल्यामुळे तिथेही बोलतो.