कार्डावर चार एसएसडी, दिसते मात्र एकच

प्रश्न : मी व्हिडिओ एडिटिंग करतो. जागा पुरेना म्हणून चार एम.२ (छोट्या पट्टीसारख्या) एसएसडी बसतील असं कार्ड घेतलं आणि मदरबोर्डच्या सर्वांत वरच्या, लांब स्लॉटमध्ये लावलं. बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) आणि विंडोजमध्ये एकच एसएसडी दिसते. अदलाबदल करून पाहिली. कार्डावरच्या पहिल्या जागी जी असेल तेवढीच दिसते. कार्ड खराब आहे का? ‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ चालू करा, असं एकाने सुचवलं. प्रोसेसर इंटेलचा १२व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर आहे, ग्राफिक्स त्यातलंच वापरतो.

उत्तर : अदलाबदल करून पाहिलीत हे उत्तम केलंत, कारण निदान त्यातच आहे. चारही एसएसडी चांगल्या आहेत आणि कार्डही बहुधा ठीकच आहे.

त्या लांब पीसीआयई स्लॉटमध्ये १६ लेन, म्हणजे डेटा ये-जा करण्याच्या वाटा, असतात आणि तुमच्यासारख्या एका एनव्हीएमई (या लेनवरून थेट बोलणाऱ्या) एसएसडीला ४ लागतात. तुमच्यासारख्या साध्या कार्डावर स्वतःची डोकेबाज चिप नसते. ते फक्त १६ लेनच्या चार वाटण्या करून तारा पुढे नेतं. पण प्रोसेसरला वाटतं की या स्लॉटमध्ये एकच वस्तू आहे. तो पहिल्या ४ लेनवर जे सापडेल त्याच्याशी बोलतो, बाकीच्या १२ रिकाम्या राहतात. स्लॉट विभागायचा आहे हे त्याला बायोसमधून सांगावं लागतं. ही सेटिंग बहुतेक ठिकाणी ‘ॲडव्हान्स्ड’खाली ‘पीसीआयई बायफर्केशन’ (म्हणजे विभागणी) नावाने असते. असूसच्या काही बोर्डांवर तिला ‘पीसीआयई रेड मोड’ म्हटलंय, त्यामुळे शोधणारा हमखास चुकतो. रेड (अनेक डिस्क जोडून एकच करणं) करायचं नसलं तरी तीच निवडायची.

आता न आवडणारी गोष्ट. तुमच्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरला त्या १६ लेन अखंड वापरता येतात किंवा ८-८ अशा दोन भागांत, बस. ४-४-४-४ ची सोयच त्यात नाही, म्हणून बायोस कितीही अपडेट केला तरी तो पर्याय येणार नाही. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या अनेक बोर्डांवर तो असतो. कार्डाच्या खोक्यावर हे ठळक छापायला हवं असं माझं ठाम मत आहे. छापतात ते बारीक अक्षरांत.

बोर्डावर ८-८ असेल तर ते निवडा, एफ १० ने सेव्ह करा, मग संगणक बंद करून, प्लग काढून दोन एसएसडी कार्डाच्या पहिल्या आणि तिसऱ्या जागी लावा. दुसरी जागा चालणार नाही, कारण दुसरा भाग नवव्या लेनपासून सुरू होतो. उरलेल्या दोन बोर्डावरच्या मोकळ्या एम.२ स्लॉटमध्ये घाला. त्याआधी मॅन्युअल वाचा, कारण काही बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट (हार्ड डिस्कची केबल लावायची जागा) बंद होतो. चारही एकाच कार्डावर हव्याच असतील तर पीसीआयई स्विच चिप असलेलं कार्ड घ्या. ते महाग पडतं, पण वाटणी स्वतः करतं आणि बायोसमधलं बायफर्केशन त्याला लागत नाही.

‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ला हात लावू नका. मोठी मेमरी असलेल्या ग्राफिक्स कार्डांसारख्या उपकरणांना ४ जीबीच्या वरचे पत्ते देण्यासाठी ती सेटिंग आहे. एसएसडीला पत्त्यांची फार थोडी जागा लागते. शिवाय तिच्यासाठी अनेक बोर्डांवर सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय) बंद करावं लागतं आणि विंडोज डिस्कच्या विभागणीच्या जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेलं असेल तर ते सुरूच होत नाही.

बायोस अपडेट झाला किंवा बोर्डावरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल बदलला की बहुधा सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात आणि कार्डावरची दुसरी एसएसडी गायब होते. तेव्हा फॉरमॅट वगैरे काही करू नका. डेटा जागेवरच असतो, ८-८ पुन्हा निवडलं की एसएसडी परत दिसते. बायोसमधल्या त्या सेटिंगच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.