दीड वर्षाच्या मुलाचा कान सारखा दुखतो. इन्फेक्शन आहे हे घरी कसं ओळखायचं आणि टाळायचं कसं? घरचे म्हणतात अंघोळीचं पाणी कानात जातं म्हणून होतं.

अंघोळीच्या पाण्याचं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून तेच आधी घेते.

कानाचा पडदा शाबूत असेल तर बाहेरचं पाणी पलीकडे जाऊच शकत नाही. या वयातलं दुखणं बहुतेक वेळा पडद्यामागच्या मधल्या कानाचं असतं आणि तिथली वाट नाकाच्या मागून येते. लहान मुलांत ती नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद झाली की आत पाणी (बाहेरचं नव्हे, कानातलाच पातळ स्राव) साचतं, त्यात जंतू वाढतात.

माझा मुलगा लहानपणी सर्दी झाली की कान धरून रात्रभर रडायचा. सासूबाईंचं पालुपद ठरलेलं, "डोक्यावरून पाणी घालताना कानावर हात धरत नाहीस." हात धरला, कापसाचे बोळे घातले, शेवटी डोकं नुसतं ओल्या फडक्याने पुसू लागले. कान दुखायचा तो दुखलाच. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीला रबरी फुगा लावून कानात हलकी हवा सोडली आणि म्हणाल्या, पडदा हलत नाही, मागे पाणी साचलंय. पुढचा प्रश्न, "घरात सिगारेट कोण ओढतं?" ओढायचे मोठे दीर, तेही 'बाल्कनीतच'. दार उघडं, आणि लगेच त्याच शर्टाने आत येऊन पुतण्याला कडेवर घ्यायचे. धुराने नाक-घशाचं अस्तर सुजतं, अशा घरांत मुलांचे कान जास्त दुखतात, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरी येऊन चर्चा मात्र पुन्हा अंघोळीचीच! पुढच्या तपासणीला मी भाऊजींनाच मुलाला घेऊन पाठवलं. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण सिगारेट गेटबाहेर गेली.

आता ओळखण्याचं. घरी खात्रीने ओळखता येत नाही. नुसतं कान ओढणं हा पुरावा नव्हे. दात येताना, झोप आली तरी मुलं कान ओढतात. सर्दीपाठोपाठ ताप, आडवं केलं की रडणं, दूध ओढता ओढता तोंड सोडून किंचाळणं, हे एकत्र दिसलं तर दाखवा. कानातून पू आला आणि रडणं एकदम थांबलं, तर पडदा फुटलेला असू शकतो. तो बहुतेकदा आपोआप भरतो, पण तेल घालू नका, कोणीही सांगितलं तरी. आणि पडदा नुसता लाल दिसला म्हणून अँटिबायोटिक घेऊ नका, रडूनही तो लाल होतो. फुगलाय का, हे विचारा.

दुखणं सौम्य असेल तर डॉक्टर दोन-तीन दिवस वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देऊन वाट बघू शकतात. पण मूल 6 महिन्यांखालचं असेल, ताप 39 अंश सेल्सियस किंवा वर असेल, किंवा 2 वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान बिघडले असतील तर वाट बघत बसायचं नाही. टाळण्यासाठी न्यूमोकोकसची आणि फ्लूची लस, झोपवून बाटली न देणं, चोखणी सोडवणं. पण धूर आधी.

एक मान्य करते, माझ्या मुलाचं दुखणं कमी झालं त्यात वय वाढल्याचाही वाटा असणार, नळी वयाबरोबर लांब आणि तिरकी होत जाते. धूर नसलेल्या घरांतही कान दुखतात, विशेषतः पाळणाघरात सर्दी फिरत असेल तर. शिवाय पोहणाऱ्या मुलांना बाहेरच्या कानाचं इन्फेक्शन पाण्यामुळेच होतं, आणि पडद्याला भोक असेल तर पाणी खरंच जपावं लागतं. तेवढ्यापुरत्या सासूबाई बरोबर.

दुखणं थांबल्यावरही आतलं पाणी आठवडेच्या आठवडे राहू शकतं. हाक मारल्यावर मूल वळत नसेल, तीन महिन्यांनीही पाणी असेल, तर ऐकू येण्याची तपासणी करून घ्या. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.