‘पोलीस ॲक्शन’ आणि ‘सशस्त्र संघर्ष’

प्रश्न असा आहे : मराठवाड्यातली जुनी माणसं १९४८च्या सप्टेंबरला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. रणगाडे होते, विमानं होती, मग पोलीस कुठले? आणि हल्ली बातम्यांत ‘युद्ध’ऐवजी ‘सशस्त्र संघर्ष’ लिहितात, तोही असाच गुळमुळीत शब्द का?

‘युद्ध’ दोन्हीकडे टाळलंय, पण कारणं अगदी उलटी.

निजामाचं हैदराबाद संस्थान (मराठवाडा त्यातच होता) भारतात आणायला १३ सप्टेंबरला सोलापूरहून निघून नळदुर्ग घेतलं ते भारतीय लष्कराने. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन पोलो’, सेनानी मेजर जनरल चौधरी. पोलीस फक्त नावात. निजामाने ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली होती. ‘युद्ध’ म्हटलं की समोरचा स्वतंत्र देश ठरतो; दिल्लीला तर हा घरचा बंदोबस्त आहे असं दाखवायचं होतं. डचांनीही इंडोनेशियातल्या १९४७ आणि १९४८च्या मोहिमांना याच अर्थाचं नाव दिलं होतं. (त्यांना वसाहत टिकवायची होती, ही गोष्ट वेगळी.)

तेव्हा नावाला वजन होतं. १९०७च्या हेग करारानुसार युद्ध आधी जाहीर करावं लागे. मग ‘आम्ही युद्ध जाहीर केलंच नाही, नियम कसले?’ म्हणायला फट राहायची. लढाईत माणसांना कसं वागवायचं हे ठरवणाऱ्या १९४९च्या जिनिव्हा करारांनी ती बुजवली. कलम २ नुसार दोन देशांत युद्ध जाहीर झालेलं असो वा ‘इतर कोणताही सशस्त्र संघर्ष’ असो, एकाने ते युद्ध मानलं नाही तरी करार लागू. देशातल्या देशात लढाई पेटली तर कलम ३ आहेच : शस्त्र टाकलेल्याला मारायचं नाही, ओलीस धरायचं नाही. म्हणजे ‘सशस्त्र संघर्ष’ हा शब्द पळवाट बंद करायला आणलेला आहे.

आता खरी पंचाईत ‘सायबर हल्ला’ या शब्दातल्या ‘हल्ला’ची. जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७च्या पहिल्या पूरक करारात (भारत त्यात सामील नाही) हल्ला म्हणजे शत्रूविरुद्धची हिंसक कृती. संगणकात घुसून वीज घालवली आणि माणसं दगावली, तर तो हल्ला, हे बहुतेक तज्ज्ञ मानतात. नुसती माहिती पुसली तर? तिथे वाद आहे. म्हणून ‘सायबर हल्ला’ बातमीत खुशाल लिहा, कायद्यावरच्या लेखात जपून.

‘पोलीस ॲक्शन’ मात्र बदलू नका, आमच्याकडे ते विशेषनाम झालंय. इतिहास लिहिताना हवं तर ‘लष्करी कारवाई’ म्हणा. पण ‘पोलीस कारवाई’ नको. वाचणाऱ्याला वाटेल, कुठेतरी मटक्याच्या अड्ड्यावर धाड पडली.