स्विफ्टचे टायर बदलताना रुंद टायर घालावेत का? दोन बदलावेत की चारही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्विफ्ट व्हीएक्सआय, मूळ साइज १६५/८० आर१४ (१६५ मिमी रुंदी, बाजूची उंची त्याच्या ८० टक्के, रिम १४ इंचांची), पुढचे दोन टायर झिजलेत, मागचे अर्धे शिल्लक आहेत, दर आठवड्याला पुणे-सातारा होतं. टायरवाला म्हणतो १८५/७० आर१४ घाला, नाहीतर नव्या अलॉय रिमसकट १९५/६५ आर१५.

१९५ विसरा. मूळ टायरची एकूण उंची साधारण ६२० मिमी येते आणि १९५/६५ आर१५ ची ६३४ मिमीच्या वर. म्हणजे वेगाचा काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२ च्या पुढे असेल. चाक जड होतं, उचल कमी होते, पेट्रोल जास्त जातं, आणि गाडी भरलेली असताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर आतल्या प्लास्टिकला घासण्याची भीती असते. १८५/७० आर१४ मात्र चालतो: उंची जेमतेम ५ मिमीने कमी, आणि तुमच्या ५ इंच रुंदीच्या रिमवर नीट बसतो. खंबाटकी घाटातल्या वळणांवर गाडी जास्त स्थिर वाटेल, मायलेज किंचित घटेल. पण तो घ्यायचा तर चारही चाकांना घ्या. पुढे १८५ आणि मागे १६५ असं अजिबात करू नका.

साइजनंतरचा आकडा पाहा, तो टायर किती वजन पेलतो ते सांगतो. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. मूळ टायरवर जो आकडा आहे त्याहून कमी नको. पुढचं अक्षर वेगाचं: टी ताशी १९० किमीपर्यंत, एच २१० पर्यंत. तेही खाली आणू नका.

कंपनीपेक्षा टायरचा प्रकार महत्त्वाचा. अपोलो अमेझर ४जी लाइफ, सिएट मायलेझ एक्स३ हे जास्त किलोमीटर चालावेत म्हणून बनवलेले टायर. टॅक्सीला उत्तम. पण जास्त टिकणारं रबर सहसा कडक असतं आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड त्या मानाने कमी पडते. पावसाळ्यात दर आठवड्याला घाट चढणाऱ्या घरच्या गाडीला मी पाच-दहा हजार किलोमीटर कमी चालणारा पण पकड देणारा टायरच सुचवेन. ब्रिजस्टोन तुरांझा, योकोहामा ब्लूअर्थ या मालिकांत तुमचा साइज मिळतो का ते विचारा.

आता दोन की चार. कायद्याने खाचेची खोली किमान १.६ मिमी हवी. खाचांमधल्या छोट्या रबरी उंचवट्यांपर्यंत टायर घासला की तो संपला. पण त्याआधीच, ३ मिमीच्या खाली गेल्यावर, पाणी बाहेर फेकण्याची ताकद खूप घटते. मागचे ४ मिमीच्या वर असतील आणि मूळ साइजच ठेवणार असाल, तर दोनच घ्या. मात्र नवे मागे लावा आणि मागचे पुढे आणा. बहुतेक दुकानांत उलटं करतात, कारण इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना असतो. पण पाण्यावर पुढचं चाक घसरलं तर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर गाडी बऱ्याचदा सावरते; मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते आणि मग सावरायला वेळच मिळत नाही.

जुने टायर काढल्यावर टाकून देण्याआधी नीट बघा. फक्त मधे झिजलेत तर हवा जास्त भरली जात होती, दोन्ही कडांना झिजलेत तर कमी. एकाच आतल्या कडेला झीज असेल तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) बिघडलंय. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर किंवा बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) तपासून घ्या, नाहीतर नवे टायरही तसेच खाल्ले जातील.

दुकानात पैसे देण्याआधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला माल मागा. दीड-दोन वर्षांचा त्याच भावात घेऊ नका. स्टेपनीचाही शिक्का बघून ठेवा, न वापरताही रबर म्हातारं होतं.

बसवताना रबरी व्हॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग चारही चाकांचं, त्यानंतर अलाइनमेंट. नट हवेच्या गनने घट्ट करून सोडू देऊ नका, शेवटी टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या) आवळायला सांगा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. नायट्रोजनला वेगळे पैसे द्यायची गरज नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. पहिले २०० किलोमीटर जोरात ब्रेक आणि वळणं टाळा. नव्या टायरवरचा साच्यातला गुळगुळीत थर निघून जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही.