बीट डुलवायचा म्हणजे काय करायचं?

प्रश्न तासगावच्या एका तरुणाचा आहे. तो लॅपटॉपवर हलगीचे तुकडे जोडून गणपतीसाठी बीट बनवतो. त्यानं लिहिलंय, "दादा, सॉफ्टवेअरमध्ये ग्रूव्ह आणि स्विंग असे दोन पर्याय येतात. मित्रांना शिकवताना मी ग्रूव्हला 'खोबण' आणि स्विंगला 'झोका' म्हणालो, तर सगळे फिदीफिदी हसले. बरोबर शब्द कोणते? की मराठीत नाहीतच?"

हसणारे बरोबर आहेत, आणि तूही फार चुकलेला नाहीस. ग्रूव्ह म्हणजे मुळात खाच किंवा चर. लाकडात पाडलेली खाच, आणि पुढं तबकडीवरची, जिच्यातून ग्रामोफोनची सुई फिरते ती. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या जाझ वाजवणाऱ्यांच्या बोलीत वादन जमून आलं की 'आता खाचेत बसलं' अशा अर्थानं हा शब्द रुळला. म्हणजे खोबण हा अर्थ खरा, पण मराठी माणसाला खोबण म्हटलं की दाराची कडी नाहीतर सुताराची पटाशी आठवते. ढोलकी काही आठवत नाही.

यातली खरी गंमत पुढं आहे. चाकानं पडलेल्या खाचेला आपल्याकडे अस्सल शब्द आहे, चाकोरी. उसाच्या गाड्या जाऊन जाऊन पाणंदीत दोन खोल चर पडतात, ती चाकोरी. गाडी एकदा तिच्यात उतरली की बैलांनी मान कुठंही वळवली तरी चाक आपल्याच वाटेनं जातं. जाझवाल्यांनी खाचेत रंगत बघितली, आपण कंटाळा बघितला. 'चाकोरीबाहेरचं' ही मराठीत स्तुती आहे. त्यामुळं ग्रूव्हला चाकोरी म्हटलंस तर अर्थ बरोबर उलटा होईल. उलट सॉफ्टवेअरमध्ये सगळे ठोके ओढून पडद्यावरच्या मापाच्या रेघेवर नेऊन बसवणारं क्वांटाइझ नावाचं जे बटण आहे, त्याला खुशाल 'चाकोरीत घालणं' म्हण. काम तेच करतं ते.

ग्रूव्हला रोजच्या बोलण्यात आपण एक शब्द वापरतोच, फक्त तो कुणी संगणकाशेजारी आणून ठेवलेला नाही. ठेका. 'गाणं सुरू झालं आणि आजीनंसुद्धा पायानं ठेका धरला.' यातला ठेका म्हणजे ग्रूव्हच. तबलजीचा ठेका जरा वेगळा. त्याच्या लेखी ती तालाची ठरलेली बोलांची मांडणी असते, दादऱ्याची सहा मात्रांची, केरव्याची आठ मात्रांची. ती पाटी असते, आणि पायानं धरला जातो तो जिवंत ठेका. सहसा संदर्भावरून घोटाळा होत नाही. रस्त्याचा ठेका घेणारेही सांगलीत कमी नाहीत आणि तिथंही आपला घोटाळा होत नाही.

आता स्विंग. झोका मला पटत नाही, त्याचं कारण हसू येतं हे नाही. नागपंचमीचा झोका जेवढा पुढं जातो तेवढाच मागं येतो, दोन्ही बाजूंना सारखाच वेळ घेतो. संगीतातल्या स्विंगचं सगळं मर्म वेळ सारखा नसण्यात आहे.

केरव्याचे बोल जोडीजोडीनं म्हणून बघ: धागे, नती, नक, धिन. प्रत्येक जोडीतला पहिला बोल जागचा हलवायचा नाही. दुसरा, म्हणजे गे, ती, क आणि न, थोडा उशिरा येऊ द्यायचा. स्विंग एवढंच. टेम्पो १०० असेल, म्हणजे मिनिटाला १०० ठोके, तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. त्याचे चार भाग केले की प्रत्येक १५० चा, म्हणजे जोडीला ३०० मिळतात. स्विंग ५० टक्के म्हणजे दुसरा बोल बरोबर मधोमध, १५० वर, काहीच डुलत नाही. ५८ टक्के केलं की तो १७४ वर जातो. अवघे २४ मिलिसेकंद उशीर, पापणी लवण्यापेक्षा कितीतरी कमी, आणि तरी कानाला कळतो. ६६ च्या आसपास गेलं की जोडीचे तीन भाग होऊन पहिल्याला दोन आणि दुसऱ्याला एक मिळतो, म्हणजे बोल केरव्याचे आणि अंग दादऱ्याचं. स्विंगची सगळी मजा या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात आहे, जिथं केरवा पुरता केरवा नसतो आणि दादरा अजून झालेला नसतो.

टक्क्यांचा हा हिशोब रॉजर लिन या अमेरिकन माणसाचा. १९८० साली त्यांनी खऱ्या ड्रमचे आवाज साठवून वाजवणारं एलएम-१ नावाचं यंत्र आणलं. त्यांनीच अकाई कंपनीसाठी बनवलेल्या १९८८ च्या एमपीसी-६० या बीट बनवायच्या यंत्रावर स्विंग ५० पासून ७५ टक्क्यांपर्यंत नेता येतो. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये मोजणी शून्यापासून असेल तर आकडे जुळणार नाहीत, कानानं जुळव.

मग याला म्हणायचं काय? हा शब्द मला शब्दकोशात सापडला नाही, पलूसकडच्या एका कुस्तीच्या मैदानात सापडला. तिथं हलगी, ढोलासारखं घुमकं आणि झांजेसारखा कैताळ असा ताफा होता. हलगीवाले आबा साठीचे असतील. एका हातात आखूड जाड काडी, दुसऱ्या हातात लांब बारीक. मध्येच उठून जाळावर हलगी शेकून आणायचे. मी मोबाइलवर दहा मिनिटं रेकॉर्ड केलं, घरी लॅपटॉपवर घेतलं आणि मोठं करून बघितलं. जाड काडी जवळजवळ रेघेवर, बारीक काडी प्रत्येक वेळी रेघेच्या किंचित मागं. मला वाटलं मोबाइलचा दोष. अतिशहाणपणा करून सगळे ठोके रेघेवर बसवले आणि पुढच्या मैदानात आबांना हेडफोन लावून ऐकवले.

आबा थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "ही हलगी परेडला निघाल्यागत वाटतीया की रं."

मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. आबांची मान हलायला लागली. "ही बघ, ही डुलतीया. तिला डुलू दे की जरा, बांधून कशाला घातलीस?"

डुलणं. हत्ती डुलत चालतो, कणीस वाऱ्यावर डुलतं, कीर्तनात माणसं डुलतात. त्यात घाई नाही आणि मोजपट्टीही नाही, पण तोल मात्र पक्का आहे. म्हणून माझं मत असं की आकड्याच्या खिडकीला खुशाल स्विंगच म्हण, तिथं शब्द बदलून काही साधत नाही. पण जे घडतं त्याला बीट डुलवणं म्हण, आणि जो गुण येतो त्याला डोल. 'या बीटला डोल नाही' हे वाक्य तुझ्या मित्रांना समजावून सांगावं लागणार नाही.

काही जणांनी 'झोल' सुचवलेला मी ऐकला आहे. ढिल्या दोरीला झोल असतो, म्हणून कल्पना वाईट नाही. पण हल्ली 'बीटमध्ये झोल आहे' म्हटलं की ऐकणारा विचारतो, कुणी ढापलाय?

त्याच मेनूत ह्युमनाइझ नावाचं आणखी एक बटण असतं. त्याला कुणी 'माणसाळवणं' म्हणू नये. माणसाळतो तो रानातला प्राणी. शिवाय ते बटण ठोके वाटेल तसे मागंपुढं फेकतं, आणि डोल कधीच वाटेल तसा नसतो. आबांची बारीक काडी दर वेळी मागं होती, आणि जवळजवळ तेवढीच मागं. वाटेल तशा हलण्याला आपल्याकडे झोकांडी हा शब्द आधीपासून आहे. हत्तीही हलत चालतो आणि दारू प्यालेलाही हलत चालतो, पण एकाचं ते डुलणं आणि दुसऱ्याची ती झोकांडी. थोडी झोकांडी चालते, एक-दोन टक्के. त्यापुढं गेलास तर वाजवणाऱ्याला बसवावं लागतं.

राहिला एक प्रकार. काही सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या वादकाच्या ठोक्यांचं मागंपुढं होणं आणि जोर कमीजास्त होणं उचलून घेता येतं आणि आपल्या बीटला लावता येतं. त्यालाही ग्रूव्हच म्हणतात. इथं ठेका चालणार नाही, कारण ठेका तुझाच राहतो, फक्त हात दुसऱ्याचा येतो. 'चाल' म्हणावं तर गाण्याच्या चालीशी गोंधळ होईल. मी 'वळण' म्हणतो. अक्षराला वळण असतं, तसं हाताला असतं. आबांचं वळण काढून घेतलं आणि माझा बीट त्यावर गिरवला.

मिरजेत तंबोरा लावताना घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात. केसभर पुढं नाहीतर मागं, आणि तार बोलायला लागते. त्या गुणाला जवारी म्हणतात. हा शब्द कुठल्याही समितीनं पाडलेला नाही, धागा सरकवणाऱ्यांच्या तोंडी रुळला. तुझ्या मित्रांच्या तोंडी 'डोल' बसला तर बसला, नाही बसला तर ते दुसरा आणतील.

तू शेवटी विचारलं आहेस की नुसतं 'लय' म्हटलं तर चालेल का. चालेल, पण लय म्हणजे वेग आणि त्याची सलगता, ठोका केसभर मागं जाणं नव्हे. शिवाय आपल्या भागात 'बीटला लय पाहिजे' म्हणालास तर पुढचा विचारणार, लय म्हणजे किती?

आता ५४ ला लाव, मग ५८ ला. घुमक्याला स्विंग लावू नकोस, फक्त बारीक काडीच्या ट्रॅकला लाव. आणि ऐकताना पडद्याकडं बघू नकोस.