भिंत रंगवण्याआधी

अगं, हॉस्पिटलात पेशंटांसोबत चित्रं-गोष्टींचं काम सुरू करतेयस, पण रंगांचे डबे घ्यायची घाई नको. आधी आठवडाभर वॉर्डात नुसती बस. राउंड कधी, औषधं कधी, नातेवाईक कधी येतात, ते बघ. इनचार्ज सिस्टरांशी पटलं की अर्धं काम झालं; डीनची सही नंतरही मिळते.

सुरुवात डायलिसिसपासून कर. माणूस चार-चार तास एका जागी, आणि एक हात मशीनला जोडलेला. चित्र काढायचा हात बहुतेकदा मोकळा असतो, पण कागद धरायला दुसरा नसतो. म्हणून कागद पॅडला चिकटपट्टीने चारही बाजूंनी चिकटवून दे. एवढ्याशा गोष्टीसाठी मला दोन महिने लागले!

आपल्या सोलापुरात पेशंट मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे. गोष्टी सांगायला त्या-त्या भाषेचा माणूस हवाच. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या आजोबांना फुलं काढा म्हणू नकोस, चादरीची नक्षी काढायला सांग. मग तेच तुला शिकवायला लागतात.

खरी चादर मात्र भिंतीवर टांगू नकोस. मी टांगली होती. धूळ धरते म्हणून आठवड्यात उतरवली, आणि बरोबरच होतं ते. पुसता येईल तेच लाव.

पैसे मागायला जाशील तेव्हा रॉजर उलरिच या संशोधकांचा 1984 चा अभ्यास सांग: पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. पेशंट फक्त 46 होते, तेही सांग. डॉक्टर विचारतातच.